तोंडासाठीच्या गोळ्या

वहिनीला सगळे वहिनीच म्हणत. खरं तर ती वहिनी एकट्या ताईची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीची. पण ताई दिवसभर पार्लरमध्ये "वहिनी, टॉवेल दे", "वहिनी, फोन बघ" असा पुकारा करायची. तो ऐकून ऐकून आधी गिऱ्हाइकं वहिनी म्हणायला लागली, मग शेजारचा बेकरीवाला, मग पोस्टमन, आणि एकदा तर खुद्द नवऱ्याच्याच तोंडून निघून गेलं. ताईला ते पुढे आठवडाभर हसायला पुरलं.

पार्लर दोघींचं. इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, काचेच्या दाराचं. दोन खुर्च्या, केस धुवायचं बेसिन, पडद्यामागे वॅक्सचा पलंग, आणि भिंतभर आरसा. केस ताईकडे आणि चेहरा वहिनीकडे अशी वाटणी पहिल्या दिवसापासूनची. ताईच्या हातात कात्री होती आणि जिभेवर दुसरी. वहिनी कमी बोलायची, कारण तिच्या तोंडात दिवसभर दोरा असायचा.

भुवया कोरायचा दोरा. ज्यांनी तो कधी करून घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा सुती दोरा असतो. त्याचं एक टोक दातांत धरायचं, उरलेल्याला दोन्ही हातांच्या बोटांत पीळ द्यायचा, आणि तो पीळ कातडीवरून असा सरकवायचा की नको असलेला केस त्यात अडकून मुळापासून निघतो. खुर्चीतली बाई आपल्याच दोन बोटांनी पापणी ताणून धरते. बघणाऱ्याला वाटतं, सगळं काम डोळ्यांचं आहे. डोळे फक्त आकार बघतात. पिळात केस आलाय की कातडी आलीय, हे बोटांना कळतं, आणि ते डोळ्यांच्या आधी कळावं लागतं, नाहीतर बाईला ओरखडा. वहिनीच्या बोटांना ते कळायचं. तिच्या हाताखाली बायका पापणी धरल्या धरल्या डुलक्या काढायच्या. पलीकडच्या गल्लीत मोठं थंडगार पार्लर उघडलं तरी भुवयांना लोक हिच्याकडेच येत, आणि भुवयांना आलेली बाई मग केसही ताईकडून कापून जाई. म्हणजे दुकान दोघींचं असलं तरी ते चालायचं त्या एका दोऱ्यावर, आणि हे ताईलाही ठाऊक होतं. ती तसं बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती एवढंच.

तर अशा या बाईला चाळिशी उलटल्यावर तोंडावर फोड यायला लागले.

वयात येणाऱ्या पोरींना येतात तसले. आधी हनुवटीवर, मग जबड्याच्या कडेने, आतून ठणकणारे, पिकायला आठवडा घेणारे. शरीराला काही वेळकाळ कळत नाही. दुसरीकडे कुठे नोकरी असती तर वहिनीने दुर्लक्ष केलं असतं. पण समोर भिंतभर आरसा, आरशात एका बाईचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याच्या वर दिवसभर आपला. फेशियलला आलेली बाई डोळे मिटायच्या आधी एकदा वर बघायचीच. एकीने तर भोळेपणाने विचारलं, "वहिनी, तुम्ही स्वतः हेच क्रीम लावता का हो?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आज फक्त भुवया करा, फेशियल पुढच्या वेळी बघू."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ताई म्हणाली. वहिनीला हसू आलं नाही.

ती कातडीच्या डॉक्टरकडे गेली. माणूस बरा होता, घाईत होता. त्याने रक्त तपासलं, त्यात शरीरातलं झिंक जरा कमी निघालं. झिंक म्हणजे आपलं जस्त. शरीराला ते चिमूटभरच लागतं, पण कमी पडलं की कातडी कुरकुरते, असं त्याने सांगितलं. रात्री लावायला एक मलम दिलं, रोज जेवणानंतर एक झिंकची गोळी दिली, आणि तीन महिन्यांनी येऊन दाखवा म्हणाला.

मलमाने पहिल्याच आठवड्यात हनुवटीची सालं निघायला लागली. डॉक्टरने तसं होईल म्हणून सांगितलं होतं. पण सालं निघालेल्या तोंडाने फेशियल कसं करायचं? वहिनीने मलम बंद केलं आणि गोळी चालू ठेवली. दोन-अडीच महिन्यांत फोड बसले. गोळीने बसले, थोड्या दिवसांच्या मलमाने बसले की आले तसे आपणहून गेले, देव जाणे. वहिनीने श्रेय गोळीला दिलं. डॉक्टरकडे दाखवायला जायचं राहिलं, कारण बरं झाल्यावर कोण जातं डॉक्टरकडे.

मग एकदा गर्दीच्या आठवड्यात, जागरणं झाली तेव्हा, गालावर एक फोड डोकावला. तिने दुपारीही एक गोळी घेतली. फोड गेला. पुढे संध्याकाळचीही लागली. औषधवाला नेहमीचा होता, त्याने कधी चिठ्ठी मागितली नाही. उलट, "या जरा स्ट्राँग आहेत, बऱ्याच बायका नेतात," म्हणून दुसऱ्याच कंपनीच्या दिल्या. वहिनी त्या पाकिटातून सोडवून कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायची. ती डबी आरशाखालच्या फळीवर टोनर आणि पावडरच्या मधे उभी असायची. चेहऱ्याचं सामान चेहऱ्याच्या सामानात. सकाळी तोंड धुतलं, क्रीम लावलं, गोळी घेतली. दुपारी पावडरचा हात फिरवला, गोळी घेतली. वीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या तोंडाला काय काय लावलं, तिला आपण आता औषध घेतोय असं वाटतच नव्हतं. आणि तोंड खरोखर लखलखीत झालं होतं. बायका विचारायच्या आणि ती दोन बोटांनी दोरा सावरत सांगायची, "वरून काही नाही. सगळं आतून."

दीडेक वर्ष असं गेलं.

थकवा नेमका कधी आला, ते तिला पुढे कुणी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. कामाच्या बाईला थकवा हा पाहुणा नसतो, घरातलाच असतो. तो जरा जास्त पाय पसरून बसला एवढंच. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर कठडा धरून थांबायची, ती दर जिन्याला थांबायला लागली. भाजी चिरताना स्टूल लागायला लागलं. संध्याकाळी दिवा लावायला उठायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागे. नवरा बसचा ड्रायव्हर. तो घरी यायचा तेव्हा तोही चेपलेलाच असायचा. दोघं समोरासमोर बसून चहा पीत आणि कोण जास्त दमलंय हे ठरवण्याइतकंही बोलत नसत.

"फार अंगावर काढतेस," ताई म्हणायची. "जरा पडत जा दुपारी."

"पडले तर उठणार नाही, ताई."

"मग बसून झोप. गिऱ्हाइकं झोपतातच की तुझ्या खुर्चीत."

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. तळव्यांपासून घोट्यापर्यंत, मोजे घातल्यासारखं वाटायचं, आणि मोजे नसायचे. एकदा ती बेकरीतून पाव घेऊन आली तेव्हा ताईने खाली बघून विचारलं, "दुसरी चप्पल कुठेय?" चप्पल रस्त्यात निघून पडली होती आणि हिला पत्ताच नव्हता. दोघी हसल्या. बेकरीवाल्याने ती आणून दिली, तोही हसला. पण रोज सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तिचा तोल जायला लागला, हे तिने कुणाला सांगितलं नाही. ती एका हाताने बेसिन धरायची आणि एका हाताने तोंड धुवायची.

गल्लीतल्या डॉक्टरने पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त कमी आहे म्हणाला. तपासणीत ते फारच कमी निघालं. त्याने लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पोट तेवढं कडक झालं, रक्त होतं तिथेच राहिलं. मग इंजेक्शनं दिली. "आणखी काही औषधं चालू आहेत का?" त्याने विचारलं होतं. "छे," वहिनी म्हणाली होती, "तुमचीच काय ती." आणि हे बोलताना तिच्या मनात तिळाएवढंही खोटं नव्हतं.

बँकवालीचा प्रसंग याच सुमाराचा. ही बाई पलीकडच्या चौकातल्या बँकेत काउंटरवर बसायची. गेली कित्येक वर्षं दर पंधरवड्याला, जेवणाच्या सुट्टीत, घड्याळ बघत यायची आणि खुर्चीत बसताच डोळे मिटायची. त्या दिवशीही तसंच. वहिनीने पावडर लावली, दोरा दातांत धरला, पीळ दिला. उजवी भुवई नेहमीसारखी झाली. डावीला दोरा जरा जाड वाटला, म्हणजे बोटांवर कुणीतरी हातमोजे चढवल्यासारखा. तिने पीळ सरकवला. बँकवाली एकदम ताठ झाली. भुवईचं शेपूट निघून आलं होतं, आणि त्याखालच्या कातडीवर रक्ताचा बारीक थेंब आला होता.

बोटांना काहीच कळलं नव्हतं. वहिनी घाबरली. ओरखड्याला नाही, ओरखडे नवशिकेपणी तिनेही काढले होते. घाबरली ती या न कळण्याला.

बँकवालीने आरशात बघितलं. पर्समधून पेन्सिल काढून तिने राहिलेली भुवई रंगवली, वहिनीचं "चुकलं हो माझं" ऐकून मान हलवली, आणि गेली. त्यानंतर तिचा पंधरवडा आला आणि गेला, आणखी एक आला आणि गेला. ती भांडली असती, चारचौघांत बोलली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं. त्या दिवसानंतर प्रत्येक खुर्चीपाशी तिला भीती वाटायला लागली. एका भुवईला दुप्पट वेळ लागे, मान अवघडे, आणि झोपणाऱ्या बायका आता डोळे किलकिले करून बघत बसत. तिला एकच विचार खात होता, की बोटं गेली तर आपण काय? ना धड शिक्षण, ना दुसरं काही येतं. हातांतल्या या एवढ्याशा समजेवर एक बाई, एक दुकान आणि एक ताई उभी होती.

गल्लीतल्या डॉक्टरने हात टेकले आणि मोठ्या इस्पितळात रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. ताई बरोबर आली. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि नंबर पुकारणारी बाई प्रत्येक नाव चुकीचं वाचत होती. दोघींना तास-दोन तास बसावं लागलं. ताईने तेवढ्यात शेजारणीचे केस कुणी बिघडवले ते शोधून काढलं. वहिनी भिंतीला डोकं टेकून बसून राहिली. तिला आता काय निघेल याचीसुद्धा फारशी उत्सुकता उरली नव्हती. फक्त कुणीतरी "झोपा" म्हणावं असं वाटत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आधीचे सगळे कागद वाचले, पाय तपासले, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि वहिनी कलली तेव्हा चटकन धरलं. मग विचारलं, "कुठली औषधं घेता?"

"लोहाची गोळी. त्या डॉक्टरांनी दिलेली."

"आणखी काही? दुखण्याची गोळी, झोपेची, काढे?"

"नाही हो."

"नाही घेत ती काही," ताईनेही ग्वाही दिली. "डोकं दुखलं तरी कपाळाला फडकं बांधून काम करते."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला आणि हाडातला मगज तपासावा लागेल असं काहीसं बोलल्या. कमरेच्या हाडात सुई घालून काढतात म्हणे. ताईचा चेहरा उतरला. वहिनी नुसती "बरं" म्हणाली. लिहिण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला, आणि तेव्हा दिसलं की त्यांच्या हनुवटीवर, मास्कच्या खाली बरोबर, फोडांची रांग होती. लाल, ठणकणारे. वहिनीला ते फोड ओळखीचे होते. तिची नजर तिथे थांबली, धंद्याची सवय.

डॉक्टरीणबाईंनी ती नजर बघितली आणि जरा ओशाळून हसल्या. "मास्कने होतात. दिवसभर घाम. तुम्ही पार्लरमध्ये ना?" मग वहिनीच्या तोंडाकडे नीट बघत म्हणाल्या, "अंगात रक्त नाही, पण स्किन मात्र तुमची सुरेख आहे हं. काय लावता?"

सकाळपासून पहिल्यांदा वहिनी ताठ बसली. हा प्रश्न तिचा होता. "वरून काही नाही, मॅडम," ती म्हणाली. "वरच्याने काही होत नाही. आतून घ्यायचं. झिंक. मी तुम्हाला नाव लिहून देते."

"किती घेता?"

"सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. गर्दीचे दिवस असले की झोपताना आणखी एक."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले?"

"झालं की दीडेक वर्ष. अगदी नियमाने हं, एक दिवस चुकवत नाही."

"अहो, मग मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषधं विचारलीत," वहिनी म्हणाली. "त्या तोंडासाठीच्या आहेत."

मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं. शरीराला जसं जस्त लागतं तसंच थोडं तांबंही लागतं, रक्त बनवायला आणि नसा धड ठेवायला. रोजच्या जेवणातून ते मिळतं. पण पोटात जस्ताची रेलचेल झाली की आतडं तांब्याला आत घेत नाही, ते तसंच बाहेर जातं. तीन महिन्यांसाठी दिलेली एक गोळी ठीक होती. हिने दीड वर्ष त्याच्या तिप्पट-चौपट, वर स्ट्राँग, खाल्ल्या होत्या. अंगात तांबंच नसताना लोहाच्या गोळ्या घेऊन उपयोग होणार कसा?

"म्हणजे अति तिथे माती," ताई हळूच म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं.

रक्तात तांबं बघितलं, ते जवळजवळ नव्हतंच. झिंक मापाबाहेर. कमरेतली सुई टळली. गोळ्या त्याच दिवसापासून बंद, तांब्याचं औषध सुरू. वहिनीने एकच विचारलं, "बोटं येतील ना परत?"

"रक्त येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन-तीन महिन्यांत तुम्ही जिने चढायला लागाल. नसांचं मी नक्की सांगू शकत नाही. काहींचं बरंच परत येतं, काहींचं थोडं. आणखी बिघडणार नाही, एवढं सांगते."

घरी येताना बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरायच्या आधी म्हणाली, "त्या डबीशेजारीच मी रोज कंगवे ठेवते गं. मला वाटायचं, पेपरमिंट आहेत."

वहिनीने डबी कचऱ्यात रिकामी केली. तिच्या सांगण्यावरून ज्या दोघी-तिघींनी झिंक सुरू केलं होतं, त्यांना तिने फोन केले. एकीने मळमळतं म्हणून चौथ्या दिवशीच सोडलं होतं आणि दुसरीला आपण कधी घेत होतो हेच आठवेना. आळशी माणसाला आयुष्य लाभतं ते असं. नेमाने वागली ती वहिनीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं रक्त आलं. एक दिवस तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मधे थांबलो नाही. नवऱ्याने ते बघितलं होतं. त्या दिवशी चहा त्याने केला. पायांतल्या मुंग्या कमी झाल्या, चप्पल पायात राहायला लागली. आणि तोंडावर फोड परत आले. आधी हनुवटी, मग जबड्याची कड, त्याच क्रमाने, जणू मधे काही झालंच नव्हतं. औषधाच्या दुकानासमोरून जाताना औषधवाल्याने हात वर करून "नेहमीचं देऊ का?" विचारलं. वहिनी क्षणभर थांबली. खोटं कशाला सांगा, एक पाय पायरीवर ठेवलाही होता. मग "नको" म्हणून ती पुढे गेली. तिला स्वतःचं कौतुक वाटलं नाही, नुसतं दमल्यासारखं झालं.

कातडीच्या डॉक्टरकडे ती परत गेली. त्याने जुना कागद काढला आणि बोट ठेवून म्हणाला, "मी तीन महिने लिहिलं होतं." होतंच लिहिलेलं. वहिनीला भांडायचं नव्हतंही आणि दमही नव्हता. त्याने पुन्हा तेच मलम दिलं. सालं निघतील, चिकाटी ठेवा, चार-सहा महिने लागतील, म्हणाला. यावेळी तिने सालं निघालेल्या तोंडाने खुर्चीपाशी उभं राहायचं ठरवलं. ज्यांना बघायचं त्यांनी बघावं.

बोटांचं मात्र काही ठरत नव्हतं. गरम-गार कळायला लागलं. सुई टोचली तर कळायची. पण दोरा कळेना. तो आहे एवढं कळे, तो काय सांगतोय ते कळेना. ती रोज दुपारच्या रिकाम्या वेळेत आपल्याच पोटरीवर दोरा फिरवून बघायची. कधी वाटायचं, आज जरा आहे. दुसऱ्या दिवशी नसायचं. भुवयांची गिऱ्हाइकं ती "जरा बरं नाही" म्हणून परत पाठवत होती, आणि ती त्या थंडगार पार्लरकडे वळत होती. ताईच्या खुर्चीतही आता दिवसाकाठी एखादंच डोकं असे.

अशात बँकवाली आली. भुवई उगवून आली होती, उलट झुडूप झालं होतं. घड्याळ बघत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वहिनी, दुसरीकडे जाऊन बघितलं. त्या पोरी नुसत्या ओरबाडतात. तुम्हीच करा." आणि तिने डोळे मिटले.

केवढा विश्वास असतो लोकांचा. वहिनीने पावडर लावली. दोरा तोडला, दातांत धरला, पीळ दिला. ताईने हातातला झाडू थांबवला. वहिनीने पीळ भुवईखाली टेकवला आणि वाट बघितली. खाली केस होता की कातडी होती? तिने डोळे बारीक केले, बोटं किंचित उघडली, मिटली. बँकवालीचा चेहरा इतका स्वस्थ होता की अजून एक क्षण गेला असता तर तिला झोप लागली असती.

वहिनीने दोरा तोंडातून काढला.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "माझ्या बोटांना आता कळत नाही. परत कळेल असंही वाटत नाही."

बँकवालीने डोळे उघडले. तिने काय झालं विचारलं, वहिनीने थोडक्यात सांगितलं. तिने वहिनीचा हात हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला, आणि घड्याळ बघून निघून गेली. दार बंद झाल्यावर वहिनी बेसिनपाशी गेली आणि उगाच टॉवेल धुवायला लागली. इतके महिने जे ती कुणालाच म्हणाली नव्हती, ते म्हणून झालं होतं. आता ते खरं झालं होतं.

ताईने झाडू भिंतीला टेकवला. "मला शिकव," ती म्हणाली.

"ताई, तुमचं वय झालं."

"कात्री धरते ना अजून? कुणाचा कान कापला का आजवर?"

"एकदा कापला होता."

"तो हलला होता," ताई म्हणाली. "शिकव."

ताईसारखी वाईट शिष्या दुसरी मिळाली नसती. दोरा दातांत धरला की तिला बोलता येत नसे आणि न बोलता तिला राहवत नसे, त्यामुळे दर दोन मिनिटांनी पीळ सुटे. तिने आधी स्वतःच्या पोटऱ्या सोलून काढल्या, मग भावाला बसवून त्याचे हात. त्यापेक्षा रविवारी बसची डबल पाळी बरी, असं तो बिचारा म्हणायला लागला. वहिनी शेजारी उभी राहून बघायची. पण नुसतं बघून तिला सांगता येईना. डोळ्यांना आकार कळायचा. हात कुठे चुकतोय, ते सांगायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. "जरा सैल," म्हणायची, "नाही, घट्ट," म्हणायची, आणि दोघी वैतागायच्या.

शेवटी एका दुपारी दुकान रिकामं असताना वहिनी स्वतः खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. तिने मान मागे टाकली. आरशात तिचं तोंड होतं, हनुवटीवर फोड, कडेने सालं निघालेली. तिने बघितलं आणि डोळे मिटले.

"फोडांवरून नेऊ नका," ती म्हणाली. "नुसत्या भुवया." आणि दोन बोटांनी पापणी ताणून धरली.

ताईने पावडर लावली. दोरा दातांत धरला. पीळ टेकला, सरकला.

"आत्ता कातडी पकडलीत," वहिनी म्हणाली. "सोडा."

पीळ सुटला. पुन्हा टेकला.

"आत्ता पण. वरून नको, मुळाशी... थांबा. हां. हे केस. आत्ता ओढा."

ताईने ओढलं. डोळ्यांच्या वर चर्रकन गेलं, थेट नाकापर्यंत. अगदी स्वच्छ, एकेक केस वेगळा कळावा असं. बोटांना जे कळत नव्हतं ते सगळं चेहऱ्याला कळत होतं. वहिनीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांकडे ओघळलं. भुवया करताना ते सगळ्यांनाच येतं, पण हे थांबेना.

ताईने तोंडातला दोरा काढला. "दुखतंय का गं?"

"दुखतंय," वहिनी म्हणाली. "थांबू नका तुम्ही."